गोळीरोधक वस्त्रांचे बल आणि त्यांचे टिकाऊपण : एक चिकित्सा

गोळीरोधक वस्त्रांविषयीचे तांत्रिक वाङ्मय गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ वाढले आहे. तंतूंचे ताणबल, विणीचे प्रकार, थरांची संख्या, गोळीचा वेग आणि तिने पाडलेल्या खळग्याची खोली यांची कोष्टके त्यात जागोजाग आढळतात. ही कोष्टके परिश्रमपूर्वक तयार केलेली आहेत, आणि त्यांच्या अचूकतेविषयी शंका घेण्याचे सहसा कारण नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. या कोष्टकांतील बहुतेक आकडे कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सुताचे असतात. पोलीस शिपाई जे वस्त्र अंगावर घालतो ते तीन-चार उन्हाळे-पावसाळे घामात भिजलेले, बसता-उठता मुडपलेले आणि बंद गाडीत तापलेले असते. आपल्याकडील गृहिणी लुगड्याचा पोत पाहताना ‘धुतल्यावर हे कसे राहील?’ असा प्रश्न दुकानदाराला आधी विचारते. ज्या वस्त्रावर प्राण अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत हाच प्रश्न अमेरिकेच्या प्रमाणित चाचणीत रीतसर विचारला जाण्यास २००८ साल उजाडावे लागले. हा विलंब कसा झाला, त्याची किंमत काय पडली आणि त्यानंतर जे उत्तर देण्यात आले ते कितपत समाधानकारक आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम संज्ञेविषयी दोन शब्द. ‘गोळी-अभेद्य’ असे वस्त्र अस्तित्वात नाही. विशिष्ट वजनाची गोळी विशिष्ट वेगापर्यंत थोपविणारे वस्त्र, एवढाच ‘गोळीरोधक’ या शब्दाचा अर्थ आहे. अर्थात त्या अर्थात ‘किती काळपर्यंत’ हे तिसरे पदही अंतर्भूत असले पाहिजे; परंतु ते व्याख्येत क्वचितच उच्चारले जाते.

विषयाचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रदेशातील शल्यविशारद जॉर्ज गुडफेलो याने १८८७ मध्ये रेशमी वस्त्र गोळीने फाटत नसल्याची निरीक्षणे प्रसिद्ध केली. शिकागो येथील पोलिश धर्मोपदेशक काझिमिर झेग्लेन याने १८९७ मध्ये रेशमी गोळीरोधक कापडाचे एकस्व मिळविले. रेशीम उजेडाने व घामाने कुजते हे वस्त्रविद्येच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. तथापि त्या काळी अशी वस्त्रे मोजक्याच धनिकांच्या अंगावर असल्याने त्यांच्या आयुर्मर्यादेचा प्रश्न कोणी शास्त्रीय रीतीने हाती घेतला नाही.

खरा पालट झाला तो १९६५ मध्ये. ड्यू पाँट कंपनीच्या विल्मिंग्टन येथील प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक या मोटारीच्या टायरांसाठी हलका व बळकट तंतू शोधीत होत्या. त्यांना जे बहुवारिकाचे द्रावण मिळाले ते नेहमीसारखे दाट व पारदर्शक नव्हते. पातळ व गढूळ होते. सूत काढणाऱ्या सहकाऱ्याने ते यंत्रात घालण्यास प्रथम का कू केली. हे द्रावण द्रव-स्फटिकी होते. त्यातील ताठ रेणू एकमेकांना समांतर मांडले गेलेले होते, आणि सूत ओढताना ती मांडणी तंतूच्या लांबीच्या दिशेने कायम राहत होती. या संशोधनातून पुढे केव्हलार हा तंतू निघाला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या न्याय खात्यातील लेस्टर शुबिन यांनी या तंतूचा उपयोग पोलिसांच्या चिलखतासाठी करून पाहिला. शेळ्यांवर प्रयोग झाले. १९७५ मध्ये पंधरा शहरांतील पोलिसांना ही जाकिटे प्रत्यक्ष वापरण्यास देण्यात आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सिॲटल येथे अशा जाकिटाने एका पोलिसाचा जीव वाचला. चाचणीची प्रमाण-संहिता तत्पूर्वी, १९७२ मध्येच, निघाली होती. तिच्यातील एक गमतीची गोष्ट अशी की, जाकिटामागे मातीचा लगदा ठेवून त्यात ४४ मिलिमीटरपर्यंत खळगा चालेल असा जो निकष पुढे रूढ झाला, त्याचा उगम याच शेळ्यांवरील प्रयोगांत आहे. पुढील पिढ्यांतील असंख्य पोलिसांच्या छातीचे संरक्षण त्या मोजक्या जनावरांच्या बरगड्यांवरून ठरले!

केव्हलारच्या वृद्धत्वाविषयी त्या काळी कोणी विचार केलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने सुमारे दहा वर्षांची जुनी जाकिटे घेऊन त्यांवर गोळ्या झाडून पाहिल्या, आणि त्याचा अहवाल १९८६ मध्ये निघाला. केवळ वय झाल्यामुळे रोधनशक्तीत लक्षणीय घट होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. निष्कर्ष केव्हलारपुरता योग्यच होता. पण आमच्या मते पुढील अनर्थाचे एक बीज त्या चांगल्या बातमीतच होते. एका तंतूच्या बाबतीत जे सिद्ध झाले ते ‘मृदू चिलखत’ या सबंध जातीचे लक्षण मानले गेले. वय हा काळजी करण्याजोगा घटक नाही अशी समजूत दृढ झाली, आणि प्रमाण-संहितेच्या लागोपाठच्या आवृत्त्या नव्या कोऱ्या नमुन्यांवरच गोळ्या झाडीत राहिल्या. १९८७ च्या आवृत्तीत पाणी शिंपडून ओले केलेल्या जाकिटाची चाचणी होती हे खरे; परंतु क्षणभर ओले होणे आणि वर्षानुवर्षे दमट राहणे या रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी भिन्न घटना आहेत. पहिल्यात पाणी धाग्याधाग्यांमधील घर्षण कमी करते आणि वस्त्र वाळले की पूर्ववत होते. दुसऱ्यात ते रेणूच तोडू शकते.

पुढील विवेचनासाठी कापड गोळी कशी अडविते याची थोडी उजळणी आवश्यक आहे. गोळी आदळताच तिच्याखालील धागे ताणले जातात, आणि तो ताण धाग्यांतून ध्वनीच्या वेगाने बाजूंना पसरतो. केव्हलारमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे सात किलोमीटर, तर पॉलिएथिलीनच्या बळकट तंतूंत दहा किलोमीटरच्या पुढे असतो. लहर जितकी जलद पसरेल तितके अधिक कापड कामाला लागते. म्हणून तंतूची योग्यता दोन गोष्टींवर ठरते: तुटण्यापूर्वी तो दर ग्रॅमला किती ऊर्जा शोषतो, आणि त्यातून लहर किती वेगाने जाते. अमेरिकन सैन्याच्या नेटिक येथील संशोधन केंद्रातील फिलिप कनिफ यांनी १९९९ च्या सुमारास या दोहोंच्या गुणाकाराचे घनमूळ काढून तंतूची एकाच अंकाने तुलना करण्याची रीत सुचविली. घनमूळ काढल्यावर येणारी राशी वेगाच्या एककात असते, ही या रीतीची सोय. केव्हलार-२९ साठी ती सेकंदाला सुमारे ६२५ मीटर येते. पॉलिएथिलीनच्या स्पेक्ट्रा-१००० साठी सुमारे ८००. आणि पॉलिबेंझॉक्साझोल या तंतूसाठी सुमारे ८१३. कापडाचे दर चौरस मीटरला वजन तेच ठेवले, तर ज्या वेगाला निम्म्या गोळ्या आरपार जातात तो वेग या अंकाच्या प्रमाणात बदलतो.

रीत सुंदर आहे व तिने अभ्यासकांचे पुष्कळ श्रम वाचविले. तथापि तिच्या चौकटीत काळाला स्थान नाही. तंतूचे बल, तुटताना होणारी वाढ, स्थितिस्थापकता गुणांक व घनता ही चार पदे. चारही त्या दिवशीच्या मोजणीची. अशा अंकांवरून उतरंड लावली की जो तंतू वरच्या टोकाला येतो त्याकडे संशोधकांची व कारखानदारांची दृष्टी लागणे स्वाभाविकच होते. वरच्या टोकाला पॉलिबेंझॉक्साझोल होता.

या तंतूचे मूळ संशोधन अमेरिकन हवाई दलाच्या आश्रयाने झाले. उत्पादन मात्र जपानच्या तोयोबो कंपनीने हाती घेतले व १९९८ पासून तो ‘झायलॉन’ या नावाने बाजारात आला. त्याचे ताणबल ५.८ गिगापास्कल, म्हणजे केव्हलारच्या दीडपटीहून अधिक. विघटन तापमान ६५० अंश सेल्सिअस. विस्तवाला न भिणाऱ्या या तंतूला हवेतील दमटपणाचे भय असेल अशी कल्पना प्रथमदर्शनी येत नाही. याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने पोलिसांना गोळीरोधक जाकिटे घेण्यासाठी अनुदान देणारा कायदा केला. हलके, पातळ, दिवसभर अंगावर ठेवता येईल असे जाकीट सर्वांनाच हवे होते, कारण पोलिसाने उकाड्यामुळे खुंटीवर टांगून ठेवलेले जाकीट कोणाचेच रक्षण करीत नाही. मिशिगन राज्यातील सेकंड चान्स या कंपनीने झायलॉनची जाकिटे मोठ्या प्रमाणावर विकली. प्रमाण-संहितेच्या तत्कालीन, २००० सालच्या, आवृत्तीत ती रीतसर उत्तीर्ण झालेली होती.

जून २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील फॉरेस्ट हिल्स येथे एका पोलिसावर गोळी झाडली गेली व ती झायलॉनचे जाकीट भेदून शरीरात शिरली. तो पोलीस वाचला. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथे असेच जाकीट घातलेला दुसरा पोलीस मात्र मृत्यू पावला. फॉरेस्ट हिल्सची घटना संहितेच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. जी गोळी अडविण्यासाठी जाकीट बनविले होते तीच गोळी संहितेत उत्तीर्ण झालेल्या जाकिटातून आरपार गेल्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसकडे नोंद झालेली ही पहिलीच घटना होय. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकन न्याय खात्याने चौकशीचे काम हाती घेतले. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीतील तज्ज्ञांनी त्या जाकिटाचे धागे उसवून एकेक मोजला, तेव्हा पाठीकडील भागातील धाग्यांचे बल नव्या धाग्यांपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत कमी भरले.

कारणाचा शोध घेता असे दिसले की, या बहुवारिकातील ऑक्साझोल नावाचे पंचकोनी वलय ओलाव्याने उघडते. वलय उघडले की तेथे अमाइडसारखा दुवा उरतो, आणि तोही पुढे पाण्याने तुटू शकतो. तो तुटला म्हणजे साखळीच खंडित होते. अवरक्त वर्णपटात हे बदल ओळखता येतात. प्रकाशानेही वलयाचा नाश होतो. पण जाकिटातील कापड अपारदर्शक आच्छादनात असल्याने तेथे मुख्य शत्रू ओलावाच. तंतू पॉलिफॉस्फोरिक आम्लातून काढला जातो, आणि त्या आम्लाचा जो अंश मागे राहतो त्याचाही या विच्छेदनाला हातभार लागत असावा असे मानले जाते. बाहेरचा ओलावा जेथे पोहोचूच शकला नाही तेथील धाग्यांच्या बलात लक्षणीय फरक पडला नाही, हे अहवालातील निरीक्षण आम्हांला विशेष बोलके वाटते. तंतू स्वभावतः क्षीण नव्हता. ज्या परिसरात त्याला राहावयाचे होते, त्या परिसराशी त्याचे जुळत नव्हते, आणि तो परिसर म्हणजे मनुष्याचे घामेजलेले अंग होते.

ऑगस्ट २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या अहवालातील आकडे या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे आहेत. वापरलेली १०३ झायलॉन-युक्त जाकिटे तपासली. त्यांपैकी ६० जाकिटांतून सहा गोळ्यांच्या मालिकेत किमान एक गोळी आरपार गेली. उरलेल्यांपैकी ९१ टक्के जाकिटांमागील खळगा मर्यादेपलीकडे गेला. नव्या जाकिटाचे सर्व निकष पाळणारी जाकिटे निघाली केवळ चार.

या ठिकाणी एक शंका उपस्थित होते. सुताचे बल तीस टक्क्यांनी घटले तर वस्त्र इतके निकामी व्हावे का? तीस टक्के घटूनही झायलॉन केव्हलारच्या तोडीचा उरतोच. याचे उत्तर कनिफ यांच्याच रीतीने काढता येते, आणि ते कोणत्या ग्रंथात आमच्या पाहण्यात आलेले नसल्याने हिशेब येथे मांडतो. ताणबल सातदशांश झाले आणि स्थितिस्थापकता गुणांक तोच राहिला असे धरले, तर तुटतानाची वाढही सातदशांशच होईल. शोषलेली ऊर्जा या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते. म्हणून ती ०.४९ पट, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. तिचे घनमूळ ०.७९. यावरून ८१३ चा अंक सुमारे ६४० वर येतो. केव्हलार-२९ चा अंक ६२५ होता हे वाचकांच्या स्मरणात असेलच. म्हणजे सुताच्या ताणबलात तीस टक्के घट होताच झायलॉनची केव्हलारवरील जवळजवळ सर्व सरशी संपते.

पण जाकीट मात्र केव्हलारच्या जाकिटाइतके जाड राहिलेले नसते. तंतू अधिक बळकट म्हणून थर कमी केलेले, आणि तेच तर त्याचे आकर्षण! समजा, नव्या अवस्थेत निम्म्या गोळ्या सेकंदाला ५०० मीटर वेगाला आरपार जातील असे जाकीट योजले होते; बलहानीनंतर तीच स्थिती ३९५ मीटरच्या आसपास येईल. त्या काळच्या संहितेत दुसऱ्या पातळीसाठी नऊ मिलिमीटरच्या गोळीचा वेग ३६७ मीटर ठरविलेला होता. निम्म्या गोळ्या आरपार जाण्याचा वेग चाचणीच्या वेगाच्या इतक्या जवळ आला की काही गोळ्या आरपार जाणारच. हा हिशेब ठोकळ आहे. जीर्ण तंतूचा ताण-वाढ आलेख इतका सरळ असेलच असे नाही, आणि ही रीत मुळात स्फोटाच्या तुकड्यांसाठी अधिक खरी उतरते. तथापि दोष कोठे होता हे त्यावरून स्पष्ट व्हावे. नव्या तंतूमुळे मिळालेले सारे जादा बल वजन कमी करण्यात खर्ची पडले. म्हातारपणासाठी त्यातले काहीच शिल्लक ठेवले गेले नाही.

‘हे आधी कोणास कळणार होते?’ असे कारखानदारांच्या बाजूने म्हटले जाते. या म्हणण्यात फार तथ्य नाही. उष्ण व दमट हवेत या तंतूचे बल घटते याची आकडेवारी २००१ मध्येच जाकीट बनविणाऱ्यांपर्यंत पोहोचली होती. ती आकडेवारी अपुरी व दिशाभूल करणारी होती, असा अमेरिकन सरकारचा आरोप होता. त्या दाव्यात तोयोबो कंपनीने २०१८ मध्ये ६ कोटी ६० लाख डॉलर देऊन तडजोड केली. तडजोडीत दोषाची कबुली नव्हती, आणि न्यायालयाने निवाडाही दिला नाही, हेही नमूद केले पाहिजे. सेकंड चान्स कंपनी २००४ मध्येच दिवाळखोरीत गेली होती. या सर्व प्रकरणाचा नैतिक भाग न्यायालयाकडे सोपवून आम्ही एवढेच विचारू इच्छितो की, आकडे अगदी प्रामाणिक असते तरी प्रमाण-संहितेत ते ठेवावयाला जागा कोठे होती? बल दर वर्षी किती घटते हे विचारणारा रकानाच तीत नव्हता. ज्या परीक्षेत प्रश्नच नाही, त्यात उत्तर चुकण्याचा संभव नसतो.

२००५ च्या अंतरिम नियमांनी झायलॉन-युक्त जाकिटांची मान्यता काढून घेतली. हमीच्या मुदतीपर्यंत रोधनशक्ती टिकते असा पुरावा दिल्यासच त्यांना ती पुन्हा मिळणार होती. त्यानंतर २००८ मध्ये ०१०१.०६ ही आवृत्ती आली व तीत जीर्णनाचा विधी प्रथमच समाविष्ट झाला. जाकिटे एका फिरत्या पिंपात घालून ६५ अंश तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता अशा हवेत दहा दिवस गडगडत ठेवावयाची. मिनिटाला पाच फेरे, म्हणजे एकूण ७२,००० फेरे. मग त्यांवर गोळ्या झाडावयाच्या. झायलॉनच्या प्रकरणातून मिळालेला धडा या विधीत प्रामाणिकपणे उतरलेला आहे. उष्णता, ओलावा व घडी पडणे हे तिन्ही घटक त्यात एकत्र आणले आहेत. घड्यांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण ताठ रेणूंचे हे तंतू ताणाला जितके बळकट तितकेच दाबाला दुबळे असतात. वाकविले की त्यांच्या आतल्या अंगाला सूक्ष्म मोडी पडतात, आणि नुसत्या डोळ्याला त्या दिसत नाहीत.

असे असूनही या विधीवर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला आक्षेप गोळीच्या वेगाचा. जीर्ण केलेल्या जाकिटावर नव्या जाकिटापेक्षा कमी वेगाची गोळी झाडावी अशी सवलत या आवृत्तीत दिलेली आहे. दुसऱ्या पातळीला नऊ मिलिमीटरची गोळी नव्यावर ३९८ मीटर वेगाने, तर जीर्णावर ३७९ मीटर वेगाने. ऊर्जेच्या हिशेबाने ही सुमारे नऊ टक्क्यांची सूट झाली. तिसऱ्या-अ पातळीला चव्वेचाळीस मॅग्नमची गोळी नव्यावर ४३६, जीर्णावर ४०८. येथे सूट बारा टक्क्यांहून अधिक. समर्थकांचे म्हणणे असे की, नव्यासाठीचा वेगच मुळात वाढविलेला आहे, आणि जीर्णासाठीचा वेग हाच प्रत्यक्षातील धोक्याच्या जवळचा आहे. नऊ मिलिमीटरच्या बाबतीत हे मान्य करता येईल, कारण जुन्या आवृत्तीतील ३६७ पेक्षा ३७९ अधिकच आहे. चव्वेचाळीस मॅग्नमच्या बाबतीत मात्र जुन्या आवृत्तीत नव्या जाकिटासाठी ४३६ हाच वेग होता; तेथे जीर्ण जाकिटाला दिलेली सवलत ही सवलतच आहे. मारेकऱ्याच्या पिस्तुलातील गोळी जाकिटाचे वय विचारून वेग कमी करीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. दहा दिवसांचा हा विधी प्रत्यक्ष वापराच्या अमुक इतक्या वर्षांबरोबर समजावा असा दावा संहितेने केलेला नाही, आणि तो न करण्यात संहिताकारांची सचोटी दिसते. परंतु ग्राहक ते विसरतो. प्रमाणपत्राचा अर्थ तो ‘पाच वर्षे निर्धास्त’ असा लावतो, कारण हमीपत्रावर पाच वर्षे लिहिलेली असतात. तापमान वाढवून काळ आखूडता येतो ही कल्पना रसायनशास्त्रात जुनी आहे. पण त्यासाठी ६५ अंशांला जी प्रक्रिया चालते तीच ३५ अंशांलाही चालते, केवळ सावकाश, असे आधी दाखवावे लागते. प्रत्येक तंतूसाठी ते निराळे दाखवावे लागते. झायलॉनला ओलावा मारतो. केव्हलार हवेतला ओलावा धरतो, तरी त्याने सहज तुटत नाही. त्याला जंबुपार किरण व तीव्र आम्ले बाधतात. पॉलिएथिलीनला पाण्याचे काहीच वाटत नाही. परंतु ते १५० अंशांच्या आसपास वितळते, त्याच्या पुष्कळ खालीच मऊ होऊ लागते, आणि दीर्घकाळ ताणाखाली सरकते. एकच पिंप, एकच तापमान व तेच दहा दिवस या तिघांना सारख्याच कसोटीला लावतात असे कसे मानता येईल? झायलॉनसारखा दोष पुन्हा आला तर तो या विधीत पकडला जाईल. दुसऱ्या जातीचा दोष पकडला जाईलच याची शाश्वती नाही. २०२३ मध्ये निघालेल्या ०१०१.०७ या आवृत्तीत पातळ्यांची नावे बदलली व स्त्रियांच्या जाकिटांच्या चाचणीत सुधारणा झाली. हा मूळ प्रश्न मात्र शिल्लकच आहे.

विद्यापीठीय संशोधनही या दोषापासून मुक्त नाही. २००३ मध्ये डेलावेअर विद्यापीठातील नॉर्मन वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनी केव्हलारच्या कापडात सिलिकेचे सूक्ष्म कण व एथिलीन ग्लायकॉल यांचे आघाताने घट्ट होणारे द्रव मुरवून त्याची रोधनशक्ती वाढते असे दाखविले. या कल्पनेवर त्यानंतर जगभर प्रबंधांचा पूर लोटला. ग्लायकॉल हवेतील पाणी ओढून घेते व हळूहळू उडूनही जाते. म्हणून पुढे अधिक जड ग्लायकॉले वापरली गेली. पण असे कापड एक पावसाळा कपाटात राहिल्यावर काय करते, हे सांगणारी प्रकरणे या प्रबंधांत अपवादानेच आढळतात. प्रबंधाची मुदत दोन-तीन वर्षांची आणि कापडाचे आयुष्य पाच वर्षांचे, ही अडचण खरी आहे. तिच्यासाठी एका विद्यार्थ्याने आरंभ करून दुसऱ्याने पुढे चालविण्याची प्रथा विभागाने पाडावी लागेल.

आपल्या देशाच्या दृष्टीने हा प्रश्न अमेरिकेपेक्षा अधिक निकडीचा आहे. मुंबईत जुलै-ऑगस्टात सापेक्ष आर्द्रता सरासरीनेच ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे अमेरिकन पिंपातील हवा, तापमान वगळता, आपल्या पोलीस ठाण्यांत फुकटच उपलब्ध आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०१८ मध्ये गोळीरोधक जाकिटांसाठी आय. एस. १७०५१ हे मानक प्रसिद्ध केले. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बोरॉन कार्बाइडच्या कठीण पट्ट्यांचे ‘भाभा कवच’ तयार झाले. कानपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २०२४ मध्ये याच मानकाच्या सहाव्या पातळीचे हलके जाकीट सादर केले. या चिलखतांत गोळीचे टोक मृत्तिकेची पट्टी फोडते, पण उरलेली ऊर्जा तिच्यामागील बहुवारिकालाच शोषावी लागते. पट्टी कठीण आहे म्हणून तंतूच्या जीर्णतेचा प्रश्न टळला असे होत नाही.

येथे एका वेदनादायक प्रकरणाचा उल्लेख करणे भाग आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत दहशतवाद-विरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे मारले गेले. त्यांच्या जाकिटाच्या दर्जाविषयी पुढे मोठा वाद माजला. गोळ्या जाकिटाने न झाकलेल्या भागातून शिरल्या, तेव्हा जाकिटाला दोष देता येत नाही, असेही सांगण्यात आले. आणि ते खरे असू शकेल. परंतु त्यांना रुग्णालयात नेल्यानंतर ते जाकीटच नाहीसे झाल्याचे २००९ मध्ये उघडकीस आले. फॉरेस्ट हिल्सचे जाकीट जपून ठेवले गेले म्हणून त्याचा एकेक धागा मोजता आला, आणि त्या मोजणीतून हजारो पोलिसांच्या अंगावरील सदोष जाकिटे उतरविली गेली. मुंबईच्या जाकिटाविषयी कोणत्याही बाजूचे विधान प्रयोगशाळेत तपासणे आता शक्य नाही.

वस्त्रविद्या व रसायनशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्याजोगे काम महागड्या तोफखाना-शाळेवाचूनही पुष्कळ आहे. पोलीस दलांतून मुदत संपलेली जाकिटे दरवर्षी बाहेर पडतात. त्यांतील कापड उसवून, छातीकडील व पाठीकडील, काखेजवळील व मध्यभागातील धागे निरनिराळे काढून त्यांचे ताणबल साध्या यंत्रावर मोजता येते. अवरक्त वर्णपट घेता येतो. आच्छादनाची शिवण कोठे उसवली होती व ओलावा कोठून शिरला याची नोंद करता येते. त्याबरोबर ते जाकीट कोकणात वापरले की विदर्भात, कपाटात राहिले की गाडीत, हेही विचारून घ्यावे. मात्र तुलनेसाठी त्याच घाणीचे न वापरलेले सूत हाताशी हवे, आणि ते खरेदीच्या वेळीच, प्रत्येक घाणीतून एक-दोन मीटर कापड हवाबंद काचनळीत बंद करून ठेवल्याशिवाय पुढे कधीच मिळणार नाही. खरेदीच्या निविदेत ही एक अट घालण्यास खर्च जवळजवळ नाही.